जांभळी बुरशी आणि बाबांवरचा आळ

नारायणगुड्यातल्या एका लॅबमध्ये मी दिवसभर बायकांच्या अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्यातली बुरशी ओळखते. पाहुण्यांना आई "लेक रक्त तपासते" एवढंच सांगते.

एकदा तिच्या साखरेच्या गोळ्या द्यायला काचीगुड्याला गेले, तर ती दारातच म्हणाली, "तुह्या बापानं जाता जाता मला रोग देऊन ठेवला."

बाबा रेल्वेत गार्ड होते. अर्धी नोकरी पूर्णेला मुक्काम करण्यात गेली. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेलं वर्षभर आईला खाली खाज, आग, पांढरं जाणं सुरू होतं, आणि तिचा हिशोब सरळ होता. असला आजार पुरुषाकडून येतो. तिच्या आयुष्यात पुरुष एकच, आणि त्यानं पूर्णेला काय दिवे लावले कोण जाणे! मेडिकलवाल्याच्या गोळीनं जात नव्हतं, म्हणजे रोग जुना, मुरलेला. मला भयंकर राग आला. बाबा माझे लाडके होते, आणि मेलेल्या माणसाला वकील लावता येत नाही.

मी तिला ओढतच आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नमुना घेतला, प्लेटवर मीच लावला. बुरशीला जातीप्रमाणे रंग देणाऱ्या या प्लेटवर नेहमीची बुरशी हिरवी उगवते. आईची फिकट जांभळी उगवली. नेहमीचीला सीरममध्ये ठेवलं की शेपूट फुटतं. हिला ढिम्म काही फुटलं नाही. आणखी चाचण्या करून खात्री केली: ग्लाब्राटा. उतारवयात, साखर वाढलेल्या बायकांत ही बया खुशाल नांदते आणि मेडिकलवाल्याच्या गोळीला सहसा भीक घालत नाही. मी लॅबमध्ये नाचायचीच तेवढी राहिले.

संध्याकाळी आईला समजावलं. ही बुरशी आपल्याच अंगात असते, साखर वाढली की माजते. बाईंनी बोरिकच्या कॅप्सूल दिल्यात. चुकूनही गिळायच्या नाहीत, खालून आत ठेवायच्या.

"बोरिक म्हंजे ती कॅरमची पावडर ना?"

"हो."

"मला काय कॅरम बोर्ड समजलीस का गं?"

मी हसत सुटले. ती हसली नाही.

"म्हंजे त्यानं नाही दिलं?"

"कुणीच नाही दिलं. सुटले बाबा."

"हौ?" ती म्हणाली. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत, पदर तोंडाला लावून रडायला लागली. पश्चात्ताप होत असेल, असं मला वाटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वरीसभर रोज भांडत होते गं याच्याशी," ती म्हणाली. "चहा पिताना, भाकरी थापताना. आता काय बोलू?"