अंगठा बटण शोधत होता

आमच्या मोशीच्या मैदानावर कंपाउंड धनुष्याची दोरी बोटांनी ओढणारा मी एकटाच उरलोय. बाकी सगळ्यांच्या हातात रिलीज. म्हणजे दोरीला अडकवायचा खटका. अंगठ्याने बटण दाबलं की बाण सुटतो. वर नेम धरायला भिंगही. "काका, अजून बोटांनीच?" पोरं विचारतात, जणू मी घरी अजून बंब पेटवतोय.

बोटवाल्यांच्या गटात दरवर्षी पहिला मीच. बायको म्हणते, "आणि शेवटचेही तुम्हीच ना?"

यंदा आयोजकांनी स्पष्टच सांगितलं, आणखी एक जण आणा, नाहीतर गट बंद. खटका हातात धरायचा तर मला तिरंदाजीच नको होती.

तडक चऱ्होलीला गेलो, मित्राकडे. चाकणच्या कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला. बोटांनी बाण मारायला शिकलोही बरोबरच. पुढे हे साहेब रिलीजवाले झाले. "न्हाई जमायचं राव आता," म्हणत त्याने बरेच आढेवेढे घेतले. चहा संपला तरी मी उठेना, तेव्हा कुठे माळ्यावरचं जुनं धनुष्य खाली आलं. बोटांवर घालायची चामड्याची पट्टी मी माझ्याकडची जादाची दिली.

स्पर्धेच्या दिवशी गडी ऐटीत उभा राहिला. दोरी ओढली, हनुवटीला लावली आणि तसाच थांबला. बाण काही सुटेना. चेहरा लालबुंद झाला. बघतो तर काय, याचा अंगठा हवेतच बटण दाबतोय!

"अरे भावा, बोटं सोड, बोटं!" मी ओरडलो. बाण गेला तो थेट मागच्या जाळीत. पोरं पोट धरून हसली, आणि हा त्यांच्याहून जोरात.

पुढचे बाण हळूहळू लक्ष्यावर यायला लागले. शेवटचा सुटल्यावर तो बोटांकडे बघत राहिला. "दोरी सुटल्याली बोटांना कळतीय रे. ह्ये इसरलोच हुतो मी."

मला एकदम भरून आलं. पण तसं दाखवतंय कोण! म्हटलं, "गट वाचवलास, उपकार झाले. आता माझी पट्टी दे."

"उद्या शिफ्टला आणतो की."

तो उद्या अजून उजाडलेला नाही. कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसतो आणि पट्टीचा विषय काढला की खिडकीबाहेर बघतो. परवा डबा खाताना मात्र त्याचा हात दिसला. दोरी ओढायच्या तीन बोटांना ताजे घट्टे पडलेत.

पट्टी मागायचं मी बंद केलंय.