पहिल्या नंबरचा माड

सर्चमध्ये माझं घर कायमचं बंद झालं, तेव्हा मी त्याच घरात भाकऱ्या थापत होते. पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. दिवाळीत राहून गेल्या होत्या, नाताळात परत येणार होत्या. म्हणाल्या, "अहो, बंद केलंत तर कळवायचं तरी! आम्ही देवबागला खोली घेतली शेवटी." पिठाच्या हातानेच मी फोनवर घर उघडून बघितलं. नकाशावर माझ्या दोन खोल्यांचा फोटो होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कायमचे बंद'. तव्यावरची भाकरी करपली. मी ती तशीच कुत्र्याला टाकली आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. कोणाला द्यायच्या ते अजून कळायचं होतं.

त्या दोन खोल्यांवर माझं या गावात राहणं अवलंबून होतं. नवऱ्याने त्या पाहुण्यांसाठी हौसेने बांधल्या, आणि पहिलेच पाहुणे घरात असताना तो गेला. बाराव्याची पत्रावळ वाळली नाही तोच थोरल्या दिरांनी पडवीवर सगळ्यांसमोर विषय काढला. मूलबाळ नसलेली विधवा म्हणजे त्यांच्या लेखी घरातली अडगळ. "वरीसभर बगूया," ते मला म्हणाले. "पावण्यांर घर चाललां तर रव. नाय तर बांद्याक जा. तुझो भाव काय तुका उपाशी ठेवचो नाय." बांद्याला माझं माहेर. भाऊ उपाशी ठेवणार नाही हे खरंच, पण भावजय रोज ताटात उपकारांची आठवण वाढेल, हेही मला माहीत होतं. आमच्या सासूबाई तिथेच सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. खोल्या रिकाम्या झाल्या की त्यात कोण शिरणार ते उघड होतं. आयत्या बिळावर नागोबा दुसरा कोण असतो?

म्हणून मी कुडाळला जाऊन वेबसाइट करून घेतली. झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या एका माणसाने ती केली. त्याने पहिलंच वाक्य लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीत वसलेले आमचे घर'. या किनाऱ्यावरची सगळीच घरं निसर्गाच्या कुशीत वसलेली आहेत, तशी वाक्यं मी मोबाइलवर कंटाळा येईपर्यंत वाचली होती. निसर्गाची कूस तरी केवढी म्हणायची! दोन महिने त्या पानावर कोणी फिरकलं नाही. आमचा गाव समुद्रापासून जरा आत, खाडीच्या काठाला. देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, वर पॅराशूट. आमच्याकडे चिखल आणि खेकडे.

मी परत कुडाळला गेले आणि त्या माणसाशी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, लोक काय विचारतात ते लिहा. आपल्याला काय सांगायचंय ते नको." ते मला पटलं. मी घरी येऊन एकेक लिहीत गेले. एस्टी कुठपर्यंत येते, गाडी दारापर्यंत येते का, डास किती, फोनला रेंज कुठे मिळते, शाकाहारी माणसाने इथे येऊन काय खायचं. डास आहेत असं मी सरळ लिहिलं. घराचं नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिला. फोटो हलके केले, कारण आमच्याकडच्या रेंजमध्ये जड फोटो उघडेपर्यंत माणूस म्हातारा होतो. पान सर्चमध्ये वर सरकलं, पण फार नाही. कुडाळचा माणूस म्हणाला, "लोक येतात आणि लगेच मागे जातात. सर्चच्या यंत्राला ते कळतं. थांबतील असं काहीतरी हवं. दुसऱ्या कोणाकडे नाही असं."

दुसऱ्या कोणाकडे नाही असं माझ्याकडे एकच होतं. मागच्या अंगणातला तो माड.

त्या दिवशी पाहुण्यांना शहाळी हवी होती. नारळ काढणारा पाडेली लग्नाला गेलेला. नवरा म्हणाला, मीच चढतो. पाऊस नुकता उघडला होता, खोड बुळबुळीत होतं. सासूबाई खाली होत्या. तो वरून शहाळी टाकायचा, त्या लांब उभ्या राहून, आवाज थांबला की पुढे होऊन गोळा करायच्या. शेवटचा आवाज झाला तेव्हा त्यांची पाठ होती. त्यांना वाटलं, अजून एक पडलं. त्यांनी हातातली शहाळी नीट भिंतीशी लावली आणि मग वळल्या. हे त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितलं आणि फक्त मला सांगितलं. दिरांनाही माहीत नव्हतं.

मी ते लिहिलं. जसं झालं तसं, भिंतीशी लावलेल्या शहाळ्यांसकट. वर माडाचा फोटो लावला. कोणी म्हणेल, कसं धजावलं हिला? मलाही रडू आलं होतं लिहिताना, आणि डोळे पुसून मी शुद्धलेखन तपासलं होतं. माझा नवरा होता तो. त्याच्या मरणावर गावाने बाराव्याला जेवून घेतलं, माझा दीर त्याच्या खोल्यांवर डोळा ठेवून बसला. मी त्यावर दोन घास मिळवले तर पाप कसं?

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही जगाची रीत. लोक थांबले. वाचलं, एकमेकांना पाठवलं, कुठल्याकुठल्या प्रवासाच्या पानांनी आमच्या पानाचा पत्ता दिला. गणपतीपर्यंत 'मालवणजवळ घरगुती राहण्याची सोय' असं कोणीही लिहिलं की आम्ही पहिले. देवबागची समुद्राला पाय लावून बसलेली घरं आमच्या खाली. दिरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जाऊ शेजारणींना सांगायची, "आमची बाय फोनातच रवता. घरात काय शिजला तांव फोनाक इचारूचा."

पाहुणे येऊ लागले. गाडीतून उतरले की बॅगा तिथेच टाकून मागच्या अंगणात जायचे. "आजी, हाच का तो माड?" सासूबाई म्हणायच्या, "होय, ह्योच." मग फोटो. मुंबईच्या एका मुलीने तर त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "आजी, तुम्हाला खरंच नारळ पडल्यासारखा आवाज आला?" मी दारात ताट घेऊन उभी होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत त्यांना पानावर काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. मग त्या मुलीला म्हणाल्या, "बसा. कढी घेवा." जाताना त्या मुलीने पाच तारे दिले आणि लिहिलं, 'आजी फार गोड आहेत, पण कमी बोलतात.' त्या दिवसापासून त्या माझ्याशीही कमी बोलू लागल्या. मी म्हटलं, बोलू नका, पण मसाला वाटा. त्या वाटत राहिल्या.

मार्गशीर्षात आमच्या देवाने गावपळणीचा कौल दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांनी एकदा आमचा अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. वेशीबाहेर झावळांच्या झोपड्या घालून राहायचं, मग परत देवाला विचारायचं आणि त्याने हो म्हटलं की घरी यायचं. एरवी बांधावरून कोर्टात जाणारी माणसं तिथे एका चुलीवर चहा पितात. रात्री भजनं, बायकांच्या फुगड्या. मला ते दिवस फार आवडायचे.

मी रीतसर सगळं केलं. पानावर सूचना लावली, नकाशावर 'तात्पुरते बंद' अशी खूण केली आणि वेशीबाहेर गेले. तिथे गेल्यावर फोनकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या रांगेतल्या झोपड्यांसाठी मी बांगडे तळत होते. बायका येऊन गरम गरम खात होत्या, "तुझ्या हाताक चव आसा गो," म्हणत होत्या. सासूबाई या झोपडीतून त्या झोपडीत फिरत होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारी जरा मोकळी झाली.

आणि गावात परत आल्यावर ती लाल अक्षरं.

कुडाळच्या माणसाने फोनवर सांगितलं, हे यंत्र स्वतःहून करत नाही. एखादं ठिकाण बंद झालं असं कोणीही नकाशाला कळवू शकतं. एकाने कळवलं तर ते दुर्लक्ष करतं, पुष्कळांनी कळवलं तर मानतं. "आणि तुम्ही स्वतःच बंदची खूण केलेली. गावात तर एक फोनसुद्धा चालू नव्हता. ते तरी काय समजणार?" सुटका एकच होती. एक अखंड व्हिडिओ काढून पाठवायचा. रस्ता, घराची पाटी, दार आणि माझ्या हातातल्या किल्लीने उघडलेलं कुलूप, मध्ये कुठेही न थांबता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापासून सुरुवात केली. कुंपणाचं बेडं ओलांडलं, पाटी दाखवली, अंगणात आले, तर खोलीच्या पायरीवर जाऊ उभी. फोनकडे बघून साखरेच्या आवाजात म्हणाली, "हय कोण रवणा नाय. घर बंद आसा. फुडे जावा." मी थांबले नाही. तिला खांद्याने बाजूला सारलं, किल्ली फिरवली, दार उघडलं, पलंग दाखवला, व्हिडिओ पाठवला. मग बाहेर येऊन तिच्या सात पिढ्यांची उजळणी केली. तिच्या पोराच्या नोकरीपासून तिच्या बापाच्या दारूपर्यंत काहीही सोडलं नाही. ती रडायला लागली तरी मी थांबले नाही, मला बरं वाटत होतं.

"तिका कित्याक बोलतंस?" पडवीवरून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. "मी सांगलंय सगळ्यांका. झोपडेझोपडेत जावन सांगलंय, बंद करा म्हणान."

सगळ्या गावाने केलं होतं. माझ्या हातचे बांगडे खाल्लेल्या बोटांनी. आणि गावाला पटवायला त्यांना वेळही लागला नसेल. माझं बस्तान बसलेलं कोणाला बघवत होतं?

"कित्याक, आई?" मी विचारलं.

"माझो झील एकदा मेलो," त्या म्हणाल्या. "तू तेका रोज पाडतंस. पावणो इलो काय तो चढता, पावणो इचारता आणि तो पडता. आणि मी दर खेपेक पाठ करून उभी."

 मी तोंडात आलं ते बोलले. "आणि आमी खातंव कोणाच्या जीवार? त्या पावण्यांच्याच मां? तुमी पडवीर बसान सुपारी कातरलास, तेवा माका रव म्हणाक नाय. आता माका रडून दाखवू नकात."

त्या रडत नव्हत्याच. आत गेल्या.

चार-पाच दिवसांत नकाशावरची लाल अक्षरं गेली. ज्यांनी व्हिडिओ तपासला त्यांना मालवणी कळत नसावी. त्याच आठवड्यात सासूबाईंनी माड तोडायला काढला. फळता माड तोडणं म्हणजे पोटचं पोर मारणं, असं आमच्याकडे मानतात. गावातला एकही माणूस करवत लावायला तयार होईना. त्यांनी आरोंद्याहून माणूस आणवला. दिरांनी अडवलं, जावेने हात जोडले, त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. बुंध्याला दोर बांधला तेव्हा त्या अंगणाच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या, माडाकडे तोंड करून. माड कलला, झावळा सळसळल्या, सगळं अंगण हादरलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत बघितलं.  मी फोन खाली घेतला नाही.

तो व्हिडिओ मी त्याच पानावर, गोष्टीच्या खाली लावला. लिहिलं, 'आईंनी माड तोडला.' लोक आता पूर्वीपेक्षा जास्त थांबतात. नाताळ भरला, शिमगा भरला. वर्ष संपलं तेव्हा दिरांनी विषय काढला नाही आणि मीही आठवण दिली नाही. पाहुणे गाडीतून उतरतात आणि मागच्या अंगणात जातात. "आजी, हेच का ते खोड?" सासूबाई म्हणतात, "होय. बसा." आणि मसाला वाटायला आत येतात. पाट्याशी आम्ही दोघी असतो. त्या माझ्याकडे बघत नाहीत. कधीतरी रात्री मला वाटतं की उठावं आणि ते पान पुसून टाकावं. मग बांद्याचं ते स्वयंपाकघर आठवतं, भावजयीच्या हातातला डाव आठवतो, आणि मी कूस बदलते.

आम्ही अजून पहिले आहोत. तो रोज पडतो. पडू दे. मला इथून जायचं नाही.