चौघींच्या वावरातली गणितं

दामिनी झाडेच्या जिभेला हाड नाही, हे नागपुरातल्या हुडकेश्वरच्या ज्युनिअर कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी पारशिवनीजवळच्या खेड्यातली. बाप रुपराव, घरचं धानाचं वावर, म्हणजे भाताचं शेत, आणि दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव. गावात इतके मार्क कुणाच्या बापजन्मी पडले नव्हते, म्हणून तिला नागपूरला वच्छलामावशीकडे आणून इंजिनिअरिंगच्या मागे लावलं. लावलं कसलं, तिलाच ते हवं होतं. गावच्या नाल्यावरचा रपटा दर पावसाळ्यात वाहून जायचा, शाळेला आठ-आठ दिवस सुट्टी पडायची, आणि ही लहानपणापासून म्हणायची की इथला पूल मी बांधीन.

बारावीत आल्यावर तिला कळलं, की पूल राहिला दूर, आधी गणितांच्या ढिगाखालून जिवंत बाहेर पडायचं आहे. सकाळी सहा ते नऊ ट्यूशन. तिथे रोज चाळीस गणितांचं एक शीट हातात पडायचं आणि दुसऱ्या दिवशी ते भरून आणलं नाही, तर पोरांना दाराबाहेर उभं करायचे. मग कॉलेज. तिथे ओमप्रकाश सरांचा गृहपाठ, रोज तीस. वर प्रॅक्टिकलचं जर्नल. हो, गणिताचंही प्रॅक्टिकल असतं, वीस मार्कांचं, आणि जर्नल पुरं करून त्यावर सरांची सही घेतल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. ट्यूशनवाला म्हणायचा कॉलेजचं सोडा, सर म्हणायचे ट्यूशनचं सोडा. या दोन शहाण्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. सोडायचं ते पोरींनी, तेही झोप आणि जेवण.

ओमप्रकाश सर इतवारीतून स्कूटरवर यायचे. वीस वर्षं तेच पुस्तक, तीच पिवळी पडलेली वही, आणि चेहरा असा की सकाळी सकाळी कुणी उधारी मागितली असावी. फळ्यावर एक गणित सोडवायचे, तीस घरी द्यायचे आणि वर ऐकवायचे की आमच्या वेळी आम्ही शंभर करायचो. जुलैमधल्या एका तासाला दामिनी उभी राहिली. सर, तीस देता ते ठीक, पण तपासता किती, असं तिने विचारलं. वर्ग फस्सकन हसला. खरं म्हणजे सरांनी जूनपासून एकही वही उघडली नव्हती, आणि साठ पोरांना ते माहीत होतं. म्हणूनच ते झोंबलं. सरांनी हजेरीपट उघडला आणि ते तिच्या नावावर बोट ठेवून बसले. त्यांचं बोट तिथे आहे हे तिने पाहिलं होतं, पण तिला काय पर्वा.

ऑगस्टपर्यंत तिचं पार भुसकट झालं. एकदा मावशीने वाढलेल्या ताटासमोरच ती बसल्या बसल्या झोपली. मावशी म्हणाली, मरू दे ते गणित, बी.ए. कर. दामिनी मावशीवर असली खेकसली, की त्या बिचारीने पुढे आठवडाभर अभ्यासाचं नावच काढलं नाही.

आणि मग तिच्या डोक्यात गावाकडची रोवणी, म्हणजे भातलावणी, आली. धानाची रोवणी काही एकट्या बाईचं काम नाही. दहा घरच्या बाया एकत्र येतात, आज हिच्या वावरात, उद्या तिच्या वावरात, आणि आठ-दहा दिवसांत सगळ्या गावाचं धान लागून जातं. कुणी कुणाला मजुरी देत नाही. नियम एकच असतो: आपलं वावर रोवून घेतलं आणि दुसरीच्या वावरात गेली नाही, अशा बाईच्या बांधावर पुन्हा कुणी पाय ठेवत नाही. दामिनीच्या गावात अशी एक बाई होती. तिच्या घरच्या लग्नातसुद्धा अर्ध्या बाया जेवायला गेल्या नाहीत.

कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली तिने तिघींना हे समजावून सांगितलं. मेघा होती, हुडकेश्वरचीच, चपळ हाताची आणि तिच्याइतकीच तापट. प्रीती होती, अबोल, अक्षर मोत्यासारखं. आणि करिष्मा, जिला फक्त एवढं हवं होतं की कुणीतरी तिला झोपू द्यावं. ठरलं असं, की जिला जे जमतं ते तिचं. इंटिग्रेशन दामिनीकडे, व्हेक्टर मेघाकडे, मॅट्रिक्स प्रीतीकडे, प्रोबॅबिलिटी करिष्माकडे. आपलं आपण करायचं, बाकीचं एकमेकींचं उतरवून घ्यायचं. शीटही तसंच, गृहपाठही तसाच, जर्नलही तसंच. रोवणीतला तो एक नियमही दामिनीनेच दम भरून सांगितला.

"जी आपलं काम करून घेईन आन् दुसरीच्या वक्ताले पाठ दाखवीन, तिचं वावर आपल्यासाठी मेलं. समजलं ना वं?"

कमाल झाली. सत्तर गणितं अठरावर आली. करिष्मा झोपू लागली, प्रीतीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, दामिनी ताटावर जागी राहू लागली. ट्यूशनमध्ये चौघींची शीटं रोज भरलेली. दामिनी तर अशी तोऱ्यात चालायची, जसं काही तिने गणित या विषयालाच वेसण घातली. एवढी हुशार पोरगी, पण एक साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली नाही. धानाला काय, कुणाच्या का हाताने लागेना, पीक तुमच्याच वावरात येतं. गणित ज्या हाताने केलं त्याच हातात राहतं. दामिनीच्या वावरात इंटिग्रेशन नुसतं डोलत होतं, आणि बाकी सगळीकडे दुसऱ्यांच्या हाताने नुसत्या काड्या खोचलेल्या होत्या.

जानेवारीत जर्नलवर सह्या सुरू झाल्या. मंगळवार शेवटचा दिवस, त्यानंतर यादी वर जाणार आणि जिची सही नाही तिचे वीस मार्क गेले. शुक्रवारी चौघी स्टाफरूममध्ये गेल्या. सरांनी मेघाचं जर्नल उघडलं, शेवटचं पान काढलं, सही ठोकली. प्रीतीचं तसंच, करिष्माचं तसंच. आतलं एक पान वळवलं असेल तर शपथ. दामिनीचं मात्र त्यांनी पहिल्यापासून चाळायला घेतलं, सावकाश, बोटाला थुंकी लावून. एका पानावर थांबले आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवत खडू पुढे केला.

चतुष्फलकाचं घनफळ होतं. चतुष्फलक म्हणजे समोशासारखी चार टोकांची वस्तू; टोकं दिलेली, घनफळ काढायचं. मेघाच्या वाट्याचं व्हेक्टर. जर्नलमध्ये अक्षर दामिनीचं, गणित मेघाचं. दामिनी फळ्यासमोर उभी राहिली आणि तिला पहिली ओळसुद्धा सुचेना. अठ्ठ्याण्णववाली पोरगी, खडू हातात घेऊन दगडासारखी उभी. मागे बायॉलॉजीच्या मॅडम चहा पीत होत्या, त्यांनी कप खाली ठेवला आणि बघू लागल्या.

"मी तपासत नाही म्हणत होती ना तू," सर म्हणाले. "तुझं तपासलं आज. मंगळवारी ये, यातलं कोणतंही विचारीन."

बाहेर आल्यावर तिला वाटलं होतं, की तिघी थांबल्या असतील. थांबल्या होत्या, पण मेघाच्या चेहऱ्यावर हसू होतं. तुझ्या तोंडामुळे झालं, भोग आता, असं ती सरळ म्हणाली. दामिनीने तिला म्हटलं, बाई, भांडण नंतर कर, आधी ते व्हेक्टर मला समजावून दे. मेघाकडे वेळ नव्हता. तिला ट्यूशनची टेस्ट होती, आणि खरं सांगायचं तर ते गणित तिने सप्टेंबरात घाईघाईत केलं होतं, आता तिलाही आठवत नव्हतं. प्रीती म्हणाली, बघते. करिष्मा म्हणाली, मला झोप आलीये. दामिनीच्या अंगाची अशी आग झाली, की त्या दिवशी ती बस न धरता मावशीच्या घरापर्यंत पायी गेली, आणि सगळा रस्ता तिघींना शिव्या घालत गेली.

शनिवार, रविवार, सोमवार. तिने ट्यूशनला दांडी मारली, शीट कचऱ्यात टाकलं आणि पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, व्हेक्टर. उत्तरपानाकडे बघायचं नाही, जर्नलकडे तर नाहीच नाही. जर्नलची तिला आता किळस आली होती. मावशीने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो थंड झाला. तीन दिवसांत तिने सहा महिन्यांचं परकं वावर आपल्या हाताने पुन्हा रोवलं. रागाच्या भरात माणसाकडून काय काय होतं ते तिला तेव्हा कळलं. सरांवर राग, मेघावर राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण ही अक्कल तिचीच होती.

मंगळवारी सरांनी तेच पान उघडलं. मुद्दामच. जर्नल आपल्या हातात धरलं आणि खुर्ची फळ्याकडे वळवली. दामिनीने टोकं लिहिली, बाजू काढल्या, निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, मांडला, सोडवला. बेचाळीस. मग सहाने भागलं आणि खाली लिहिलं, सात.

सर जर्नलकडे बघून म्हणाले, "चुकलं. बेचाळीस पाहिजे."

तीन दिवसांचं सगळं पाण्यात गेलं असं तिला वाटलं. हातात खडू होता, शेवटची ओळ पुसून टाकली असती तर बेचाळीसच उरलं असतं, सही झाली असती, आणि सगळे सुखात राहिले असते. तिने पुन्हा वरून खाली पाहिलं. बेचाळीस म्हणजे त्याच बाजूंवर उभी राहिलेली अख्खी पेटी झाली. तिच्यातला हा समोसा फक्त सहावा हिस्सा. मेघाने घाईत सहाने भागलंच नव्हतं, आणि बाकीच्या तिघींनी ते डोळे मिटून उतरवलं होतं. गप्प राहायला काय झालं होतं? पण शुक्रवारचं मेघाचं ते हसू अजून तिच्या डोळ्यांसमोर होतं, सरांचं ते बोटाला थुंकी लावणंही होतं, आणि जीभ तर तिचीच होती.

"सर, सातच हाय. जर्नलातलं चुकलं हाय. आन् त्या तिघींच्याही जर्नलात बेचाळीसच हाय, त्यावर तुमची सही हाय."

सरांनी फळ्याकडे पाहिलं, जर्नलकडे पाहिलं, ओठ हलवत मनात भागाकार केला. मान वर केली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी बेचाळीसवर काट मारली, बाजूला सात लिहिलं, शेवटच्या पानावर सही केली आणि जर्नल तिच्याकडे असं ढकललं की ते टेबलावरून खाली पडता पडता राहिलं.

"बोलव तिघींले," ते म्हणाले. "जर्नल घेऊन. फळ्यावर करतीन तर सही राहीन, नाही तर खोडतो. पाच वाजता यादी जाते."

तेव्हा साडेतीन वाजले होते. दामिनीला जिन्यात येईपर्यंत काही वाटलं नाही, जिंकल्यासारखंच वाटत होतं. खालच्या पायरीवर आल्यावर तिला लिंब दिसला आणि लिंबाखाली त्या तिघी दिसल्या, आणि आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. करिष्माला निश्चयक म्हणजे काय हेसुद्धा धड सांगता येणार नव्हतं. प्रीती फळ्यासमोर उभी राहिली की तिचा आवाजच बंद व्हायचा. सर सही खोडायला एका पायावर तयार होते, हेही दामिनीला माहीत होतं, कारण आता त्यांनाही कुणावर तरी राग काढायचा होता.

मेघाने विचारलं, झाली का सही. दामिनी म्हणाली, झाली. मग बाकीचंही सांगितलं, काही न लपवता, जसं घडलं तसं. लपवायची तिला सवयच नव्हती. ती पायरीवर बसली, जर्नल उघडलं, पेन काढलं, आणि म्हणाली की या इकडे, दीड तास आहे, अर्ध्या तासात मी हे तिघींच्याही डोक्यात घालते. ती खरंच घालू शकली असती. तीन दिवसांत तिला ते असं आलं होतं, की तिने ते दगडालाही शिकवलं असतं.

कुणीच जवळ आलं नाही. करिष्मा रडू लागली होती. प्रीती तिची ओढणी धरून उभी होती. मेघाने आपलं जर्नल छातीशी धरलं आणि दामिनीकडे बघत म्हणाली, "तुह्यं वावर रोवून झालं ना? मंग आता आमच्या बांधावर काहून बसली?"

तिघी तिच्या अंगावरून जिना चढून वर गेल्या. दामिनी तशीच बसून राहिली, मांडीवर जर्नल उघडं ठेवून, सात लिहिलेल्या पानावर.