कपाळाला दोन हुकूम

साखरपुडा होऊन महिनाही झाला नव्हता. एका सकाळी चूळ भरली, तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून पोलक्यावर. वाटलं, झोप उतरली नाही अजून. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आईला हाक मारली, तर मला पाहून तिच्या हातातलं तपेलंच खाली पडलं. तोंडाची डावी बाजू गेली होती. डोळा मिटेना, ओठ हलेना. आईला धीर द्यायला म्हणून हसायला गेले, तर अर्धंच तोंड हसलं.

आमच्या इंदूरच्या मराठीत असल्या सगळ्याला एकच शब्द, लकवा. अर्धं अंग लुळं पडलं तरी लकवा, नुसतं तोंड वाकडं झालं तरी लकवा. शेजारच्या मौसीजींनी दारातूनच "हाय राम, बच्ची को लकवा मार गया!" म्हणून गळा काढला, आणि मिलचा दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत सगळ्या गल्लीला खबर. वडील त्याच मिलमध्ये कारकून. जन्मभर ऐकलेला तो भोंगा त्या दिवसांत डाव्या कानात असा घुसायचा की मी उशी दाबून बसायची.

ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. घराणं जुनं, दरबारातलं. संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं होतं, दरबार उठला होता, पण त्यांच्या घरात आई अजून 'आईसाहेब' आणि ऐट जशीच्या तशी. दोन-तीन दिवसांनी तो एकटाच आला. आई दाराशी बसून राहिली, तिच्यादेखत त्यानं मला तपासलं.

"कपाळाला आठ्या घाला बरं," तो म्हणाला.

उजवीकडे पडल्या. डावं कपाळ सपाट. "कपाळ गं माझं!" आई ओरडली, आणि मला रडूच फुटलं. मेलं तेवढं कपाळ तरी राहायचं होतं!

हा मात्र चक्क हसला. "अहो, रडता काय? कपाळ गेलं हेच बरं झालं." मग समजावून सांगितलं. मेंदूचा उजवा भाग अंगाची डावी बाजू चालवतो, डावा भाग उजवी. पण कपाळाला हुकूम दोन्हीकडून येतात. मेंदूत एका बाजूला घात झाला, तर खालचं तोंड वाकडं होतं, कपाळ दुसऱ्या बाजूच्या हुकमावर हलत राहतं. "तुमचं कपाळही हलत नाही. म्हणजे मेंदू बिलकुल ठीक आहे. खाली येणारी नस तेवढी सुजलीय." त्यानं तळहाताची टाच स्वतःच्या कानाखाली टेकवली आणि बोटं गालावर पसरली. एक फाटा कपाळाला, एक डोळ्याला, एक गालाला, एक ओठाला, अंगठा खाली मानेकडे. हीच नस जिभेच्या पुढच्या भागाची चव पोचवते आणि कानात मोठा आवाज आवरून धरणारा एक इवलासा स्नायू चालवते, म्हणून भोंगा बोचतो. "काही आठवड्यांत हसाल पूर्ववत," म्हणाला. त्या संध्याकाळी वाकड्या तोंडानं वरण-भात खाताना मला तो इतका आवडला, इतका आवडला, की काय सांगू.

पुढच्याच आठवड्यात तो आईसाहेबांना घेऊन आला. मी आत, पडद्यामागे. आईसाहेबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पोरीच्या डोक्यातच लकवा गेलाय," त्या म्हणाल्या. "कपाळसुद्धा हलत नाही म्हणे. म्हणजे पाहा, केवढा वर चढला असेल! असली सून आम्ही नाही करायची."

कपाळाची गोष्ट गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती. ती त्यांच्या घरी नेणारा एकच. न्यायची ती अर्धी नेली, आणि तीही उलटी.

वडिलांनी हात जोडले. "जावईबापू, तुम्ही स्वतः तपासलंत. सांगा ना आईसाहेबांना."

मी पडदा मुठीत धरून उभी. एक वाक्य हवं होतं. मला जे दहा मिनिटं समजावलं, त्यातलं एक.

"आईसाहेब म्हणतात तर..." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नक्की काय सांगावं."

काय सांगावं? त्याची जीभ जागेवर होती, ओठ सरळ होते! त्याला कुठला लकवा झाला होता? माझ्या तोंडानं मला दगा दिला होता, पण तोंडाला ते कळत नव्हतं. याला सगळं कळत होतं.

लग्न मोडलं. महिन्याभरात एक दिवस आरशात डावी भुवई किंचित उडाली, आणि दिवाळीपर्यंत चेहरा आधीसारखा झाला. पण 'लकव्याची पोरगी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तीन वर्षं एक स्थळ आमच्या दारात आलं नाही. वडील बिचारे मिलमधून येऊन माझ्याकडे न बघता चहा प्यायचे.

नंतर झालं माझं लग्न, चांगलं झालं. बऱ्याच वर्षांनी एका मुंजीत तो दिसला. टक्कल पडलेलं, इंदुरातच पलासिया भागात दवाखाना, भोवती चार ओळखीची माणसं. मला पाहून स्वतःच पुढे आला. माझा चेहरा नीट न्याहाळला आणि भोवतालच्यांकडे वळून मोठ्या कौतुकानं म्हणाला, "पाहिलंत? काही मागमूस नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं, नुसती नस आहे म्हणून."

मी दोन्ही भुवया वर केल्या. कपाळाला आठ्या पडल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कुणाला?" मी विचारलं.