अडीच माणसांचं वजन

आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलं होतं. पडत नव्हतं आणि हटतही नव्हतं. असल्या दमट हवेत लोखंडाला घाम फुटतो. शेडमधल्या लोखंडालाही फुटला होता आणि लिफ्टवाले फडकं घेऊन तो टिपत होते. घरातल्या कुणाचा घाम त्यांनी इतक्या मायेनं कधी पुसल्याचं त्यांच्या बायकोला तरी आठवत नव्हतं.

उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. वर, खाली, वर, खाली. निवृत्तीनंतर त्यांना एकदम गोल फिरवायची हुक्की आली. निमित्त झालं सासऱ्यांच्या मोटारीचं. सासरे गेले, मोटार मेव्हण्याच्या नावावर झाली आणि राहिली मात्र यांच्या शेडमध्ये. नावावर असणं सोपं असतं, शेडमध्ये असणं जागा खातं.

"भावोजी, तळ गेलाय तिचा," मेव्हणा एक दिवस म्हणाला. "भंगारवाल्याला सांगून टाकतो."

"तळ बघितलास?"

"हे पोट घेऊन मी गाडीखाली शिरू?"

मग ठरलं. रविवारी मेव्हण्यानं यायचं आणि गाडीला पेलणाऱ्या तळाच्या दोन लांब तुळया स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. धड असल्या तर मोटार राहील, सडक्या निघाल्या तर सोमवारी भंगारवाला. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी लिफ्टवाल्यांना याच मोटारीत शेजारी बसवून गावाबाहेर नेऊन आणलं होतं. जाताना बोलले नाहीत, येताना बोलले नाहीत. उतरताना फक्त म्हणाले, "दार हळू लावा." तोच होकार. असली गाडी भंगारात द्यायची म्हणजे आपलाच होकार कुणीतरी वजनावर विकल्यासारखं होतं.

तळ बघायला एखाद्या शहाण्यानं जमिनीवर चटई टाकली असती, बॅटरी घेतली असती आणि आडवा झाला असता. पण लिफ्टवाल्यांकडे हत्यारं होती, वेळ होता आणि दुखरे गुडघे होते, त्यामुळे शहाणपणाला जागाच उरली नव्हती. हॉटेलच्या काचेआड सळईवर कोंबडी फिरते, तशी अख्खी गाडी फिरवायची असं त्यांनी ठरवलं. इंजिन, चाकं, दारं, काचा सगळं उतरवलं. दारांच्या मोकळ्या चौकटींत आडवे पाइप वेल्ड करून घेतले, नाहीतर सांगाडा केळीच्या सालीसारखा वाकला असता. पुढे एक लोखंडी घोडा, म्हणजे तिवईसारखा आधार, मागे एक घोडा, प्रत्येकाच्या डोक्यावर जाड नळीत फिरणारी बारीक नळी, आणि त्या नळ्यांना बंपरच्या भोकांतून बोल्टांनी आवळलेली गाडी. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं फिरकी. बायकोनं दिलेलं नाव वेगळं होतं, ते ती फक्त बहिणीला फोनवर सांगायची.

गाडीचा भार नळीच्या वर पडत होता, त्यामुळे ती टपाकडून खाली कलंडायला बघायची. त्यावर लिफ्टवाल्याला एकच औषध ठाऊक असतं, प्रतिभार. मोडीत निघालेल्या एका लिफ्टच्या बिडाच्या लाद्या त्यांनी गाडीखाली लोंबकळवल्या. थांबवायला खुंटी मात्र केली नाही. "तोल साधला की खुंटी कशाला?" असं त्यांनी वेल्डरला ऐकवलं होतं. वेल्डरनं मान डोलावली. त्याला घरी जायचं होतं.

मेव्हणा आला, खुर्ची ओढून बसला. लिफ्टवाल्यांनी हात लावला. गाडी कुरकुर न करता कुशीवर वळली. त्यांनी हात सोडला, दोन पावलं मागे सरकले आणि कौतुकासाठी चेहरा तयार केला.

गाडी सावकाश उठून सरळ झाली.

पुन्हा वळवली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा मेव्हण्यानंही खांदा लावला. खांदा काढताच गाडी जागेवर.

"बाबाही असेच होते," बायको दारातून म्हणाली. "शेवटच्या आजारात झोपवलं की उठून बसायचे."

"जोर कमी पडतोय," लिफ्टवाले पुटपुटले.

"जोर कशाला हवा? तोल साधलाय ना?" मेव्हण्यानं घाम पुसत विचारलं. "भावोजी, सोमवारचं पक्कं करू का?"

बायको चपला घालून शेडमध्ये आली आणि वाकून लाद्यांकडे बघत राहिली. "अहो, एवढं वजन कशाच्या हिशेबानं?"

"नियम आहे. लिफ्टच्या रिकाम्या पिंजऱ्याला तोलेल एवढं, वर निम्म्या माणसांचं. ही पाचजणांची गाडी, म्हणजे अडीच माणसं."

"आणि ती माणसं कुठायत?"

लिफ्टवाल्यांनी गाडीत बघितलं. सीटसुद्धा नव्हती. इतकी वर्षं त्यांनी एकही पिंजरा निम्म्या माणसांशिवाय तोलला नव्हता. हात आपोआप चालले होते आणि डोकं नेहमीप्रमाणे हातांच्या मागून यायचं राहिलं होतं.

"मी एकटा बसलो तर अडीच भरतील," मेव्हणा म्हणाला.

"तू बसलास तर आणखी लाद्या आणाव्या लागतील," बायको भावाला म्हणाली.

गाडी सरळ असतानाच अडीच माणसांच्या वजनाच्या लाद्या काढल्या. आता ती ठेवाल तिथे राहायला लागली. तरीही बायकोनं शेडच्या खांबाला दोर बांधून घेतलाच. गाडी कुशीवर आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा तळ घरातल्यांना उभ्यानं नीट दिसला. सुंदर नव्हता. पत्र्याला तीन ठिकाणी आरपार उजेड होता. मेव्हण्याचा चेहरा खुलला.

लिफ्टवाल्यांनी हातोडी त्याच्या हातात दिली. त्यानं उजवी तुळई ठोकली. टण्. शेवटपर्यंत टण्. डावीही टण् करत गेली आणि मागच्या टोकाला थप् म्हणाली. तांबडा चुरा त्याच्या बुटांवर पडला.

"बघा, सडलीय."

"वीतभर. तेवढा तुकडा कापून नवा बसतो."

"ठरलं होतं धड असल्या तर."

ठरलं तसंच होतं. मेव्हण्यानं दोर सोडून गाडी दुसऱ्या कुशीवर वळवली आणि ते टोक पुन्हा ठोकून बघितलं. मग परत पहिल्या कुशीवर. आता तो ठोकत नव्हता, नुसता वळवत होता, एका बोटानं.

"किती हलकी फिरते हो," तो म्हणाला. लगेच आपलं वय आठवून त्यानं हात खिशात घातला आणि फोन काढला. "हां, उद्या नका येऊ. नाही, दुसऱ्याला नाही दिली. नाही द्यायची." फोन ठेवून तो मेव्हणेपणावर आला. "पण तो तुकडा मी नसताना कापायचा नाही. गाडी माझ्या नावावर आहे."

"बरं," लिफ्टवाले म्हणाले. आणि फडकं घेऊन ते पुन्हा लोखंडाचा घाम टिपायला लागले.

"जेवून जा रे," बायको भावाला म्हणाली आणि मग नवऱ्याकडे वळली. "कांदे चिरायचेत. आधी हात धुवा, कोपरापर्यंत."

लिफ्टवाल्यांनी साबणाचे दोन हात दिले, पाट ओढला आणि पहिल्या कांद्याचं साल काढायला घेतलं.