हजार वर्षांपूर्वीची आई आणि उतारावरचं वावर

देवपूरच्या आमच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला मी जुन्या इंग्लंडचा इतिहास शिकवतो. हा पेपर कुणी हौसेनं घेत नाही. दुसऱ्या पेपरांच्या जागा भरल्या की उरलेली मुलं माझ्याकडे येतात. त्या वर्षी सात जण आले होते. त्यांतली एक मुलगी शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. नाव नोंदवायच्या दिवशी तिची बस बिघडली, म्हणून ती अँग्लो-सॅक्सन राजांच्या वाट्याला आली, असं तिनंच पहिल्या दिवशी हसत सांगितलं.

त्या राजांच्या नावांनी मुलांची बोबडी वळते. म्हणून मी नावं बाजूला ठेवतो आणि जमिनीपासून सुरुवात करतो. त्या काळी तिथली बरीचशी जमीन भाऊबंदांच्या रीतीनं चालायची. बापाची मुलांकडे, मुलं नसली तर जवळच्या नातलगांकडे. मग राजे सनदा लिहून द्यायला लागले. सनद मिळाली की जमीन भाऊबंदांच्या हातातून सुटायची आणि धनी ती हव्या त्याला देऊ शकायचा. साहजिकच सगळे सरदार राजाच्या दारात उभे. गंमत म्हणजे सनदेचा मजकूर लॅटिनमध्ये असे, पण चतुःसीमा बहुधा गावच्या बोलीत. अमक्या काटेरी झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यानं करड्या दगडापर्यंत. त्या झाडाला गावात काय म्हणतात ते लॅटिनला कुठून माहीत असणार?

एका सकाळी मी वर्गाला एका खटल्याची गोष्ट सांगितली. एका मुलानं भरसभेत स्वतःच्या आईवर जमिनीचा दावा लावला. आई सभेत नव्हती. सभेनं तीन मानकरी तिच्या घरी पाठवले. तिनं सांगितलं, त्याची म्हणावी अशी कुठलीच जमीन माझ्याकडे नाही. मग ती मुलावर अशी भडकली, की शेजारी बसलेल्या नात्यातल्या बाईकडे बोट करून म्हणाली, माझ्यामागे माझी जमीन, सोनं, कपडे सगळं हिचं. आणि हे जाऊन सभेत सांगा. मानकऱ्यांनी सांगितलं, सभेनं मानलं. त्या बाईचा नवरा हुशार. तो घोड्यावर बसून तडक चर्चमध्ये गेला आणि तिथल्या पवित्र ग्रंथात सगळं लिहवून घेतलं.

मुलं हसली. ती मुलगी मात्र तास संपल्यावर दाराशी थांबली.

"सर, ती बाई नुसती तोंडी बोलली आणि चाललं?"

"चाललं. चारचौघांसमोर बोलली ना."

"आणि ती सभेत गेलीसुद्धा नव्हती?"

"नाही. पण तू एवढं का विचारतेस?"

मग तिनं आपल्या आत्याची हकिगत सांगितली. आत्या लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परतली होती. भावानं, म्हणजे या मुलीच्या वडिलांनी, नाल्याकाठचं शेत ठेवलं आणि वरच्या उताराचा तुकडा बहिणीला दिला. तेव्हापासून तो तीच कसत आली. जमीन वनखात्याची, त्यामुळे कागद कुणाच्याच नावावर नव्हता. आता गावात वनहक्काचे दावे भरणं चाललं होतं, आणि या मुलीच्या थोरल्या भावानं त्या तुकड्याच्या अर्जावर स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"दादा वाईट नाही हो," ती म्हणाली. "त्याला वाटतं, ऑफिसात खेटे कोण घालणार, तर तोच. आत्याला विचारायचं मात्र राहून गेलं."

शनिवारी ती गावी गेली. सोमवारी परत आली ती निरोप घेऊनच. तिनं आत्याला ती गोष्ट सांगितली होती. आत्यानं दोनदा सांगायला लावली आणि म्हणाली, पुढच्या आठवड्यात मोजणी आहे, त्या सरांना घेऊन ये.

आमच्या घराण्यात जमिनीचा तुकडाही कधी कुणाच्या नावावर नव्हता. वडील कारकून होते, आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले. त्यामुळे असेल, पण शिवारात उभं राहून हे माझं असं म्हणणारं माणूस पाहायची मला फार उत्सुकता. मी रजा टाकली. शिरपूरपर्यंत बस, पुढे जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती.

आत्या वाट बघतच उभी होती. बारीक, ताठ, हातात विळा. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "तूच का तो इंग्लंडना मास्तर?"

मी हो म्हटलं. तिनं पुढचाच प्रश्न टाकला, "त्या बाईनं वावर कोन करे?"

त्या बाईचं शेत कसायचं कोण? मी गडबडलो. इतकी वर्षं तो खटला शिकवतोय, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. कागदातही नाही. तसं सांगितल्यावर तिनं मान हलवली आणि चालू लागली.

गावच्या वनहक्क समितीची चार माणसं, एक वनरक्षक, मोबाईलवर खुणा घेणारा एक तरुण आणि अर्ज लिहिणारे ग्रामसेवक, असे आम्ही तिच्या मागं. मुलीचा दादाही होता. ती प्रत्येक वळणावर थांबायची. इथं मोहाचं झाड, इथं बांध, हा बांध मी घातला, इथं माझी शेळी वाघानं नेली. ग्रामसेवकांनी "पूर्वेस नाला" असं लिहिलं, तर तिनं त्या नाल्याचं नाव सांगितलं आणि तेच लिहा म्हणून हटून बसली. त्यांनी हसत लिहिलं. मी धापा टाकत होतो, पण मनातून भलताच खूश होतो.

मग सगळे शाळेच्या ओसरीवर बसले. गाव जमलं होतं. ग्रामसेवकांनी अर्ज वाचला, दावेदाराचं नाव म्हणून दादाचं नाव आलं, आणि आत्या उभी राहिली.

"मी आजून जिती शे ना!" ती म्हणाली. "हाई वावर मनं शे. बठ्ठासले माहीत शे." वावर तिचं, आणि ते सगळ्यांना ठाऊक.

दादा खाली बघत होता. समितीतले एक म्हातारे आबा होते. त्यांनी त्यालाच विचारलं, "बोल रे, कोण कसतं ते वावर?"

त्यानं चप्पल जमिनीवर घासली. मग म्हणाला, "आत्या कसते."

"मग?"

"मग तिचंच नाव लिहा. मी आपलं सोय म्हणून लिहिलं होतं." आणि आत्याकडे वळून, "विचारायला पाहिजे होतं मी."

जुना अर्ज फाडला, नवा लिहिला. आबांनी आणि आणखी दोघांनी जबाब दिले, की ही बाई हे रान कसते ते आम्ही पाहत आलो. आत्यानं अंगठा नाही, सही केली. साक्षरता वर्गात शिकली होती म्हणे. सहीला तिनं इतका वेळ घेतला की ग्रामसेवकांचा चहा गार झाला.

माझी विद्यार्थिनी माझ्या शेजारी बसली होती. तिचे डोळे चमकत होते. मला कळलं, तिच्या डोक्यात गोष्टीचा पुढचा भाग चालू होता, ते नातलग बाईकडे बोट दाखवणं. तेवढ्यात कुणीतरी विचारलंच, "अक्का, तुझ्यामागं कुणाचं?"

आत्यानं भाचीकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते मंग पाहू. आते कोणीच लाडात येवू नका."

ओसरी हसण्यानं भरून गेली. भाची सगळ्यात मोठ्यानं हसली, जराशी हिरमुसलीही.

दावा तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, दोनदा त्रुटी काढून परत आला. दोन्ही वेळा खेटे दादानंच घातले. माझी विद्यार्थिनी एम.ए. होऊन साक्रीकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली, त्यानंतर कधीतरी आत्याच्या नावाचा वनहक्काचा पट्टा हातात आला. तिनं मला फोन करून सांगितलं. मागून आत्याचा आवाज येत होता, ती भाच्याला ओरडून सांगत होती, की पेरणीला बैल उद्या सकाळीच पाहिजेत, आणि येताना उपाशी ये, मी भाकरी टाकून ठेवते.