उंबरठ्यावर बसणारी सिस्टर

ती उंबरठ्यावर बसायची. आपल्यात तिथं कोणी बसत नाही. तुम्हीही लहानपणी त्यापायी टप्पल खाल्ली असेल. पण ही सरकारी सिस्टर भरदुपारी रायपुरातल्या आमच्या गुढियारीच्या खोलीच्या उंबरठ्यावर ऐसपैस बसायची, पाठ घराकडे, तोंड गल्लीकडे, मांडीवर जेवणाचा डबा.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मात्र घरटी एकच खोली होती. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात, सासरे मालगोदामातून रिटायर झालेले. मी वर्ध्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. मन मोकळं करावं असं इथं कोणी नव्हतं.

माझी पोट्टी दोन महिन्यांची झाली नि तिचं वजन अडलं. अख्ख्या महिन्यात शंभर ग्रॅम. सिस्टरच्या काट्याच्या झोळीत ती लटकायची, आणि माझा जीव तिच्याबरोबर. सिस्टरनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आजार काही निघाला नाही. मग घरात दोष माझा ठरला.

"हिचं दूधच पातळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "डब्याचं दूध आणा."

"हव, पण काहून?" सिस्टर म्हणाली.

हे तिचं नेहमीचं, हो पण का? पोरगं रडते? हव, पण काहून? रागानंच विचारायची, जसं समोरच्यानं काही दडवलं आहे.

"मले पाजून दाखव," ती मला म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून पदराखाली पोट्टीला घेतलं. चांगली पीत होती. तेवढ्यात दाराबाहेर सासरे खाकरले. फार सभ्य माणूस. सुनेला सावरता यावं म्हणून खाकरल्याशिवाय कधी आत यायचे नाहीत. मी पोट्टीला ओढून काढलं, हुक लावले, उभी राहिले. ते आले, चष्मा घेतला, गेले. पोट्टी किंचाळत होती.

"दिवसातून कितीदा खाकरतात?"

पाण्यासाठी, पेपरसाठी, तंबाखूच्या डबीसाठी. "पंधरा-वीसदा," मी म्हटलं.

"अन् तू दरवेळी काढते?"

"मामाजी आहेत ना." सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची.

"म्हणजे तू लाज सांभाळून राहिली, अन् पोट्टी उपाशी."

ती बाहेर गेली. "बाबूजी, तुमच्या खाकरण्यानं नात उपाशी राहते." अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

सासरे कानापर्यंत लाल. "मी तर इज्जतीनं..."

"हव, इज्जतीनंच," म्हणाली आणि उंबरठ्यावर बसली. "आता कोणी आत येत नाही. पोट्टी आपण होऊन सोडेल तेव्हाच काढायचं. मग दुसऱ्या बाजूला."

"सिस्टर, तिथं नाही बसत," सासूबाई.

"मग पाट घेऊन बाहेर तुम्ही बसा. पण कोणीतरी बसा."

आधी मला तिचाच राग आला. म्हाताऱ्याला भर गल्लीत बोलली. मग तिच्या पाठीमागं पोट्टी पहिल्यांदा पोट भरेस्तोवर प्याली. तिची मूठ आपोआप उघडली, आणि माझा राग फिरला. सगळ्यांनी माझं दूध पातळ ठरवलं. कोणी एकदा शेवटपर्यंत बसून पाहिलं नाही. आणि मी, आई असून, खाकरण्याला उठत राहिले. तो राग अजून गेलेला नाही.

तो आठवडाभर ती रोज जेवणाच्या सुट्टीत आली. ती नसताना सासूबाई कुरकुरत पाटावर बसल्या. आठव्या दिवशी काटा सरकला. सासूबाई म्हणाल्या, "मी नजर उतरवली ना." सिस्टर हसलीसुद्धा नाही. "पुढच्या आठवड्यात परत आण."

पुढं तिची बदली भनपुरीकडे झाली. मला उशिरा कळलं. धड आभारही मानले नाहीत. सासरे मात्र मरेपर्यंत हाक मारल्याशिवाय आत आले नाहीत, आणि हाकेला उत्तर येईस्तोवर थांबायचे.

मागच्या वर्षी शेजारच्या नव्या सुनेचं बाळ तसंच अडलं. तशीच एकच खोली, तेच पातळ दूध. मी जाऊन तिच्या उंबरठ्यावर बसले, पाठ घराकडे.

"दीदी, वहाँ नहीं बैठते," तिची सासू म्हणाली.

"हव," मी म्हटलं, "पण काहून?"

आणि उठले नाही. मागं बाळ घुटुघुटु पीत होतं.